वाणाचा डबा

करावे गाव आणि खाडीदर्शन सोसायटी यांच्यामध्ये एक मोकळा भूखंड होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं गेली पंधरा वर्षं एकमेकांना पाण्यात पाहत होती. सोसायटी बावीस मजल्यांची. बाल्कनीतून खाडी दिसते म्हणून तिथल्या फ्लॅटचे भाव चढे, आणि खाली सुकत घातलेल्या जवळ्याचा वासही त्याच बाल्कनीत येतो म्हणून तिथल्या माणसांची तोंडं वाकडी. खाडी हवी, पण खाडीतलं काही नको, असा सगळा मामला.

वास यायचा तो भूखंडाच्या कोपऱ्यातल्या सिमेंटच्या खळ्यावरून. गावातल्या अकरा बायका तिथे जवळा सुकवायच्या. ही बारीक कोळंबी सकाळी पसरायची, उन्हं डोक्यावर आली की खराट्यानं उलटायची, ऊन कललं की गोळा करायची. काम एवढंच, पण एक दिवस हयगय झाली तर माल काळा पडतो आणि मग त्याला कोंबड्यासुद्धा तोंड लावत नाहीत. खळं बांधलं होतं येसूबाई तांडेलच्या नवऱ्यानं, दादूनं, दोन महिने खपून, स्वतःच्या हातानं. दादूला जाऊन वीस वर्षं झाली होती. येसूबाई अजूनही रोज सकाळी खळं झाडायची आणि मगच चहाला बसायची.

याच भूखंडावर 'भरणी मेगामार्ट' यायचं ठरलं. किराणा, भाजी, फळं, काचेच्या पेटीत बर्फावर मांडलेली मासळीसुद्धा. चार मजले आणि तळघरात पार्किंग. जागा कागदोपत्री सरकारी प्राधिकरणाची, रोजच्या बाजारासाठी राखून ठेवलेली. ती कंपनीला द्यायची तर जागेचा वापर बदलावा लागतो, आणि वापर बदलायचा तर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्याप्रमाणे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, कुणी वाचू नये अशा बारीक टायपात, नोटीस आली. मुदत तीस दिवस.

नोटीस वाचली सोसायटीनं. लगेच तिथे उभी फूट पडली. एका गटाला लिफ्टनं उतरलं की दुकान, याचा आनंद झाला, आणि वास कायमचा जाणार याचा त्याहून जास्त. दुसऱ्या गटाला मालाचे ट्रक पहाटे हॉर्न मारत येतील याची धास्ती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शिव्या सोडून सगळं झालं, मग शिव्याही झाल्या. सोसायटीचा सेक्रेटरी अभय हा ट्रकवाल्या गटाचा पुढारी. हा तोच गृहस्थ, ज्यानं दोन वर्षांत जवळ्याच्या वासाविरुद्ध सात तक्रारी केल्या होत्या. आता तो गावच्या समाजमंदिरात आला आणि बायकांपुढे हात जोडून म्हणाला, "ताई, तुमचं खळं म्हणजे आपलं हेरिटेज आहे. आपण एकत्र फाईट द्यायची. टेन्शन घेऊ नका."

येसूबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "नाक बरा झाला का रं तुजा?"

बायका खो खो हसल्या. अभयही हसला, त्याला दुसरा इलाजच नव्हता. हसली नाही ती एकटी रुतिका, येसूबाईची सून. ती कोपऱ्यात बसून हरकतीचे मुद्दे लिहून घेत होती.

रुतिका चौतीस वर्षांची. तिचा नवरा कल्पेश जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कामाला होता. ऑगस्टातल्या एका रविवारी दुपारी, ड्यूटी संपवून मोटरसायकलवर घरी येताना, त्याला मागून ट्रेलरनं उडवलं. फोन आला तेव्हा रुतिका दूध तापवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला, दूध वर यायच्या आत गॅस बंद केला आणि मग सासूला हाक मारली. तेव्हापासून तिचं हे असंच. कामं वेळच्या वेळी, बोलणं कामापुरतं, आणि डोळ्यांत टिपूस नाही. गावातल्या बायका दारावर आल्या की तिच्या डोळ्यांकडे बघायच्या आणि आपसात काय बोलायचं ते बोलायच्या. येसूबाई महिनाभर रडली. जवळा उलटतानाही रडायची, मग एक दिवस पदरानं तोंड पुसून थांबली. रुतिकाचं सुरूच झालं नाही. तिला चव कळत नव्हती, पावसाचं गार लागत नव्हतं, भाकरी अर्धी झाली की ताट बाजूला. माहेरचे न्यायला आले. मूलबाळ नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. "इथं बरी आहे मी," ती म्हणाली. बरी होती की नव्हती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नोकरी मात्र तिनं सोडली नाही. सीबीडी बेलापूरला सरकारी कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत अंकुशसरांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, हमीपत्रं, भाडेकरार. माणसाला सरकारपुढे उभं राहायला जे जे लागतं ते तिथे मिळतं. रुतिका तिथे बारा वर्षं होती. पहिल्या दिवशी अंकुशसरांनी एकच गोष्ट सांगितली होती, "कागद पूर्ण वाचल्याशिवाय त्यावर काहीही उमटवायचं नाही. टाइप नाही, सही नाही, शिक्का नाही." बारा वर्षांत तिनं तो नियम पाळला. एकदाच मोडला, आणि तो दुकानात नव्हे.

गावाच्या आणि सोसायटीच्या मिळून दोनशे बारा हरकती तिनंच टाइप केल्या. हरकत क्रमांक एक येसूबाईची, खाली तिचा अंगठा. अंकुशसरांनी स्वतः लक्ष घातलं. सुनावणीच्या आठ दिवस आधी त्यांनी कचेरीत अर्ज देऊन कंपनीच्या फायलीतले कागद मिळवले आणि रुतिकासमोर ठेवले. "सहा सेट काढ. जोडपत्रं धरून."

ती मशीनपाशी उभी राहून एकेक पान काचेवर ठेवायला लागली. नकाशा, दाखले, पत्रव्यवहार. जोडपत्र सातवर तिचा हात क्षणभर थांबला. वर ठळक अक्षरात छापलेलं होतं, 'स्थानिक महिलांचे संमतीपत्र. भरणी मेगामार्टच्या प्रकल्पास आमची कोणतीही हरकत नाही.' खाली नावं, एकशे त्रेचाळीस, निळ्या बॉलपेननं लिहिलेली. अक्षर सुबक, एका ओळीत, कुठे खाडाखोड नाही.

अक्षर तिचं होतं.

तिनं पान काचेवर पालथं घातलं आणि बटण दाबलं. सहा प्रती. मग दुसरं पान. चौऱ्याहत्तराव्या नावापुढे येसूबाई दादू तांडेल असं लिहिलं होतं आणि शेजारी एक निळा अंगठा होता. त्याच्याही सहा प्रती निघाल्या. तिला भीती वाटायला हवी होती. तिनं वाट बघितली, पण आतून काहीच आलं नाही. तिनं सेट जुळवले, कडा ठोकून सारख्या केल्या आणि टाचण्या मारल्या.

ती नावं तिनं लिहिली होती जानेवारीत. संक्रांतीनंतर त्याच भूखंडावर मांडव पडला आणि हळदीकुंकवाचा मोठा कार्यक्रम झाला. बोलवणारी अर्पिताताई, गावातल्या पुढाऱ्याची बायको. खर्च कोणाचा, हे कुणी विचारलं नाही, कारण हळदीकुंकवात ते विचारायची पद्धत नाही. अर्पिताताई घरोघर फिरल्या आणि तांडेलांच्या दारातही आल्या. त्या दारात हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं काहीच कारण नव्हतं. घरात दोन बायका आणि दोघीही विधवा.

"रुतिका, तुला यायचंच आहे," त्या म्हणाल्या. "ते जुनं सगळं आता आपन सोडलं. आई, तुमीसुद्धा या."

"मना नको बाय. वीस वर्सं गेली, आता काय," येसूबाई म्हणाली. सुनेला ती ना जा म्हणाली, ना जाऊ नको.

रुतिका गेली. का गेली, ते तिला माहीत नव्हतं. कुणीतरी ये म्हणालं म्हणून गेली. मांडवाच्या तोंडाशी एका मुलीनं तिला हळद लावली, मग कुंकू. बोट कपाळावर टेकलं ते तिला कळलं. पाच महिन्यांत अंगाला लागलेलं काही तिला इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली, तर मागच्या बाईनं "चल ना पुढं" म्हणून तिला ढकललं.

आत टेबलापाशी गोंधळ होता. वाण होतं पाच किलोचा स्टीलचा डबा, झाकणाला कडी, आणि डबा सहीशिवाय मिळत नव्हता. नावं लिहिणारी मुलगी इंग्रजी शाळेतली, तिला 'म्हात्रे' लिहिताना घाम फुटला होता. "अगं रुतिकाला बसवा, तिच्या हातचं कामच ते हाय," अर्पिताताई म्हणाल्या, आणि तिच्या हातात पेन आलं. कागद पॅडला लावलेले होते. वरच्या भागावर तिळगुळाचं चित्र असलेला पुठ्ठा चिमट्यात अडकवलेला होता, आणि नावांच्या रेघा तेवढ्या त्याच्याखाली दिसत होत्या. हजेरी असणार, असं तिनं धरलं. हळदीकुंकवात कोण कशाला काय लिहून घेईल? पुठ्ठा उचलून बघायला एक बोट पुरलं असतं. तिनं उचलला नाही. तिच्या कपाळावर कुंकू होतं, बायका तिला नावानं हाक मारत होत्या, रुतिका माझं लिही, रुतिका आधी माझं, आणि तिला तो गलका बरा वाटत होता.

गर्दी ओसरल्यावर तिला येसूबाईची आठवण झाली. येसूबाईचा जवळा प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचा आणि त्याला ओल धरायची. कडीचा डबा तिला कामाचा होता. वाण घरच्या माणसासाठी मागून नेतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. अर्पिताताई म्हणाल्या, "ने की, पन नाव घाल, एका नावाला एक डबा." रुतिकानं नाव घातलं. येसूबाई सही करत नाही, अंगठा देते. मग तिनं शाईच्या पॅडवर स्वतःचा अंगठा दाबला आणि नावापुढे उमटवला. डबा मिळावा म्हणून सासूचा अंगठा सुनेनं दिला, एवढीच गोष्ट. मांडवात ती गोष्ट साधी होती. तीच सरकारी फायलीत गेली आणि गुन्हा ठरली.

अंकुशसरांनी अर्थातच अक्षर ओळखलं. दुकान बंद करताना ते म्हणाले, "रुतिका, तुला काही सांगायचं असेल तर सुनावणीच्या आधी सांग."

"काही नाही, सर."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, दुकानात कुणी नसताना, तिनं एक अर्ज टाइप केला. 'मी, रुतिका कल्पेश तांडेल, लिहून देते की जोडपत्र सातमधील नावे मी लिहिली असून अनुक्रमांक चौऱ्याहत्तरसमोरील अंगठा माझ्या सासूबाईंचा नसून माझा आहे.' तिनं तो दोनदा वाचला, सही केली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. तो दिला तर काय होईल ते तिला पाठ होतं. असले अर्ज तिनं दुसऱ्यांसाठी पन्नास टाइप केले होते. खोट्या अंगठ्याला पोलीस केस होते, आणि जिच्यावर केस आहे तिला कुणी प्रतिज्ञापत्रांच्या दुकानात ठेवत नाही. अर्ज नाही दिला तर खळं जाईल. दोन्ही गोष्टी तिला सारख्याच लांब वाटत होत्या, दुसऱ्याच कुणाच्या कागदावरच्या.

सुनावणी अकराची होती, ती सव्वाबाराला सुरू झाली. गावच्या बायका टेम्पोनं आल्या, सोसायटीची माणसं आपापल्या गाडीनं. अधिकारी एक चष्मेवाल्या बाई होत्या, आवाज शांत, कुणावरही न चिडणाऱ्या. कंपनीचा वकील तरुण आणि गुळगुळीत. आधी अभयनं ट्रकबद्दल वीस मिनिटं घेतली, नकाशे दाखवले, डेसिबल काढले. मग येसूबाईचा पुकारा झाला.

वकील उठला. "मॅडम, या हरकतीचा मुख्य मुद्दा वाळवणाचं खळं. आता हे आमचं संमतीपत्र बघा. खळं वापरणाऱ्या अकराच्या अकरा जणी यात आहेत. चौऱ्याहत्तर नंबरला स्वतः अर्जदार येसूबाईंचा अंगठा आहे."

खोलीत एकच गिल्ला झाला. गोजरा तांडेल, येसूबाईची चुलत जाऊ आणि खळ्यावरची तिची शेजारीण, ताडकन उठली. "फसवल्यान आमाला! डब्यासाठी सह्या घेतल्यान!"

"सही तुम्ही स्वतः केली?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"केली, पन..."

"कागद वाचला होता?"

 गोजराची मान हळूहळू रुतिकाकडे वळली, आणि तिच्यामागे बाकीच्यांची. टेबलापाशी पेन घेऊन कोण बसलं होतं, ते आता सगळ्यांना आठवलं.

"न वाचता सही केली, हे कारण मला चालत नाही," बाई म्हणाल्या. "माझाही नाइलाज आहे. हां, यातली एक जरी सही खोटी निघाली, तर मी सगळी यादी बाजूला ठेवीन आणि हरकत मान्य करण्याचा विचार करीन. पण तसं कुणीतरी मला सांगायला पाहिजे."

"येसू हलदीकुंकवाला आलीच नव्हती!" गोजरा ओरडली. "आमी व्हतो ना तिथं! तिचा अंगठा आला कुटून?"

वकील हसला नाही, फक्त पान उलटलं. "उत्तम. मग आम्ही आजच पोलिसांत तक्रार देऊ. अंगठा लॅबमध्ये जाईल. अख्खी यादी एका हातानं लिहिलेली आहे, तो हात कुणाचा ते शोधायला वेळ लागणार नाही."

आता. आता उठायचं, पर्स उघडायची, घडी काढायची, टेबलावर ठेवायची. रुतिकानं हे सगळं मनात एकापाठोपाठ एक नीट मांडलं. तिचा हात पर्सच्या चेनवर होता. पाय मात्र आपले आहेत असंही तिला वाटेना. अंकुशसर तिच्याकडे बघत होते. तिनं चेन अर्धी ओढली.

"येसूबाई, तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या. "हा अंगठा तुमचा आहे का?"

येसूबाई टेबलापाशी गेली. कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या निळ्या ठशाकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मागे वळून सुनेकडे बघितलं, तोंडाकडे नाही, पर्सवरच्या हाताकडे.

"माजाच हाय," ती म्हणाली.

"येसू!" गोजरा किंचाळली.

"मी गेलती. तुमी सगल्या गेल्यावर गेलती, उशिरानी. डबा पायजे व्हता मना जवल्याला." तिनं कागद टेबलावर ठेवला. "अंगठा माजा हाय. लिवा तुमी."

बाईंनी लिहिलं. हरकत क्रमांक एक फेटाळली, आणि तिच्यामागोमाग खळ्यावरच्या बाकीच्या दहा जणींच्याही. हे सगळं होईपर्यंत रुतिकाची चेन अर्धीच उघडी होती.

बाहेर झाडाखाली गोजरा येसूबाईच्या पायापाशी थुंकली. "एका डब्यासाठी! दादूची जागा एका डब्यासाठी इकलीस!" टेम्पोत मग कुणी येसूबाईला सरकून जागा दिली नाही. दोघी सासवासुना रस्त्यापर्यंत चालत आल्या आणि रिक्षाला हात केला.

"आई, मी परत जाते वर. माझ्याकडे अर्ज आहे लिहिलेला. मी सांगते."

"आता सांगशील त मी खोटी परेन. सरकारसमोर बोल्ले मी. दोघींना आत टाकतील." येसूबाई रिक्षात चढली. "चल. भूक लागलीय."

मंजुरी मे महिन्यात आली. अभयला कंपनीनं लेखी दिलं की सातच्या आत ट्रक येणार नाहीत, तेव्हापासून त्याची फाईट संपली आणि हेरिटेजही संपलं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाळ्यांची चित्रं टाकली. अर्पिताताईंच्या नवऱ्यानं नारळ फोडला. मग एका सकाळी जेसीबी आला. येसूबाईचं नेहमीप्रमाणे खळं झाडून झालं होतं, खराटा हातातच होता. ड्रायव्हर भला माणूस. तो म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा जरा." ती बाजूला झाली. दोन महिन्यांचं काम चाळीस मिनिटांत उखडलं गेलं. बाकीच्या बायका लांब उभ्या होत्या. येसूबाईच्या जवळ कुणी आलं नाही. गावात आता तिला डबेवाली म्हणत होते. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत.

रुतिकानं त्या दिवशी दुकानाला सुट्टी घेतली होती. दुपारी दोघी जेवायला बसल्या. तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं सुकं, गेल्या खेपेच्या शेवटच्या मालातलं. तो डबा ओट्यावर होता. झाकणावर भरणी मेगामार्टचं नाव कोरलेलं होतं, आणि आत आता मूठभर जवळा उरला होता.

"आई, तुम्हाला माहीत होतं ना," रुतिका म्हणाली. "अंगठा कोणाचा ते."

येसूबाईनं घास गिळला. "त्याच दिवशी सांजच्याला दिसला. भाकरी मोरत व्हतीस न अंगठा निला. तू त सही करतेस, तुला अंगठा कशाला लागतो? मना वाटला, असंल कायतरी हलदीकुंकवाचा. तो कागद बघल्यावर कललं."

"मग खरं का नाही सांगितलंत? मी तयार होते. खळं राहिलं असतं."

"राह्यला असता."

"बाबांनी बांधलेलं होतं ते."

"मना सांगतेस?" येसूबाई एकदम कडाडली. मग पाण्याचा तांब्या उचलून एक घोट प्यायली आणि तो होता तिथे ठेवला. 

"त्या दिवशी तू कपालाला कुंकू लावून आलतीस," ती म्हणाली. "पुसला नव्हतास. तशीच जेवायला बसलीस न दुसरी भाकरी मांगलीस. कल्पेश गेल्यापासून पयल्यांदा. आठवतं तुला?"

रुतिकाला आठवत नव्हतं.

"मना आठवतं. तवा उतरवला व्हता, तो परत ठेवला. मी बोल्ले, चला, पोर गेला, पन ही राहिली." येसूबाईनं डोळे पुसले नाहीत, ते आपोआप वाहत होते आणि ती जेवत होती. "त्या कुंकवासाठी तुला पोलिसांच्या दारात उभी करू? खला गेला त गेला. त्याच्यावर जवला सुकतो. त्याला भूक लागत नाय."

बाहेर जेसीबीचा आवाज अजून येत होता. रुतिकाच्या छातीत काहीतरी जोरानं दुखलं, इतकं जोरानं की तिला वाटलं आपण आता ओरडू. ऑगस्टात यायला हवं होतं ते सगळं एकदम घशाशी आलं. तिनं ताटाची कड घट्ट धरली. तिची भाकरी नेहमीसारखी अर्धी उरली होती. ती तिनं मोडून मोडून संपवली, एकेक घास डोळ्यांतल्या पाण्यासकट गिळला, आणि रिकामं ताट सासूपुढे सरकवलं.

तिला अजिबात भूक नव्हती.

"अजून एक द्या, आई," ती म्हणाली.

येसूबाई उठली. तिनं गॅस पेटवला, तवा ठेवला आणि परातीत पीठ घेतलं.